कृतज्ञता : आगीनंतर शिकलेला एक धडा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



आजच्या प्रसंगी मला शाळेविषयीच्या कृतज्ञतेवर बोलण्यास सांगण्यात आले आहे. या विषयावर बोलणे सोपे असते, असा माझा बरीच वर्षे समज होता. आमच्या सोसायटीत आभारप्रदर्शनाचे काम नेहमी माझ्याकडेच येत असे. मराठी शाळेत शिकलेला माणूस, चार शब्द नीटनेटके बोलेल, असा शेजाऱ्यांचा विश्वास होता. परंतु सोळा वर्षांपूर्वीच्या एका घटनेने मला असे दाखवून दिले की, आभाराची भाषणे करणाऱ्या माणसाला कृतज्ञता म्हणजे काय हे ठाऊक असतेच असे नाही. ती घटना आज आपल्यापुढे ठेवतो. तिच्यात आपल्या शाळेचा वाटा मोठा आहे, आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. पहिली सांगून दुसरी लपवणे मला प्रशस्त वाटत नाही.

१ मे १९६० रोजी गुजरात राज्य स्थापन झाले, तेव्हा अहमदाबादेत गिरण्यांत, रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी करणारी कितीतरी मराठी कुटुंबे होती. राज्याची सीमा बदलली म्हणून कोणी बिऱ्हाड हलवले नाही. त्यांतल्याच काही मंडळींनी वर्गणी गोळा करून ही शाळा सुरू केली, हे आपण सारे जाणता. माझे वडील गिरणीत होते. १९६८ च्या जूनमध्ये त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून येथे आणले. पुढे माझी मुलगीही याच शाळेत शिकली. ती सातवीत जाणार होती, त्या जून महिन्यातली ही गोष्ट.

आमची इमारत चार मजली होती. सोळा घरे, खाली मोकळ्या जागेत स्कूटर आणि सायकली, आणि जिन्याखाली विजेच्या मीटरांची पाटी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. शाळा उघडण्याची ती आदली रात्र. पाऊस अजून लांब होता आणि अहमदाबादचा जून कसा असतो हे मी आपल्याला सांगायला नको. घरोघरी एसी चालू होते. रात्री दोनच्या सुमारास खालून कोणीतरी घरांचे क्रमांक घेऊन ओरडत असल्याचे ऐकू आले. "पाँच नंबर, उठो! आठ नंबर, उठो!" मी दार उघडले, तर जिना दिसेनासा झाला होता.

आगीविषयी आपली कल्पना ज्वाळांची असते. प्रत्यक्षात आधी येतो तो धूर. विजेच्या तारांवरचे प्लास्टिकचे आवरण जळू लागले की काळा, घशाला झोंबणारा धूर निघतो आणि बंद जिना धुराड्यासारखा तो वर ओढून घेतो. खालच्या स्कूटरांनी पेट घेतल्यावर उतरण्याचा मार्ग उरला नाही. आईला गुडघ्यांचा त्रास होता. मी आणि माझ्या पत्नीने तिला मध्ये धरले, मुलीला पुढे घातले आणि ओले टॉवेल तोंडाला लावून आम्ही गच्चीकडे निघालो. वर पोहोचलो तेव्हा तेथे पंधरा-वीस माणसे दाराशी अडकलेली होती. गच्चीच्या दाराला कुलूप होते. उत्तरायणात परकी मुले पतंग उडवायला वर येतात म्हणून आम्हीच ठराव करून ते लावले होते. जानेवारीत लावलेले कुलूप जूनपर्यंत तसेच राहिले होते, आणि किल्ली चेअरमनसाहेबांच्या पहिल्या मजल्यावरील घरात होती.

ती काही मिनिटे मी वर्णन करणार नाही. दाराच्या पलीकडून घाव पडू लागले. बिजागऱ्या उखडल्या, दार आत कोसळले आणि कोणाच्या तरी हातांनी आम्हाला एकेक करून बाहेर ओढले. कठड्यावरून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि तिच्या जिन्याने खाली उतरलो. अग्निशमन दलाचे बंब तोवर आले होते. पहाटेपर्यंत आग विझली. चार घरे पूर्ण जळाली, त्यांत आमचे एक. जीव कोणाचाच गेला नाही.

सकाळी रस्त्याकडेच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. अंगावरच्या कपड्यांखेरीज आमच्याजवळ काही नव्हते. तेवढ्यात आमच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली लारी लावणारे इस्त्रीवाले भैया आले. त्यांच्या हातात कपड्यांची एक घडी होती. आदल्या संध्याकाळी मुलीचा गणवेश इस्त्रीला दिला होता. लारीच्या खालच्या पत्र्याच्या पेटीत तो सुरक्षित राहिला होता. पांढरा सदरा, निळा स्कर्ट, खिशावर शाळेचे बोधचिन्ह. आमच्या घरातला तेवढाच एक जोड शिल्लक होता. पत्नीने सवयीने पैशांसाठी पदराशी हात नेला आणि तो तसाच खाली आला. भैया "रहने दो भाभीजी" म्हणाले आणि पुढच्या घराची घडी घेऊन गेले.

मुलगी त्या दिवशी शाळेत जाणार नाही असे आम्ही गृहीत धरले होते. ती म्हणाली, "बाबा, गणवेश आहे ना." ती गेली. दप्तर नव्हते, चपला शेजारणीच्या होत्या.

आता आपल्या शाळेविषयी. त्या दिवशी तिच्या वर्गशिक्षिका बाईंनी वर्गाला काय सांगितले हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. बाई म्हणाल्या होत्या, "तिला आगीबद्दल कोणी काही विचारायचे नाही. तिला सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल. मधल्या सुट्टीत मात्र तिला एकटीला बसू द्यायचे नाही." बारा वर्षांच्या मुलांनी हे अक्षरशः पाळले. आठवडाभरात आठवीत गेलेल्या मुलींची सातवीची पुस्तके आली. वह्या आल्या. एका मुलाने आपल्या कंपासपेटीतला कर्कटक दिला. त्याच्याजवळ तो एकच होता, हे पुढे परीक्षेच्या वेळी लक्षात आले.

ज्यांचे घर जळाले आहे त्यांनाच ठाऊक असते की, भांडीकुंडी परत घेता येतात, कागद मात्र माणसाला महिनोन्‌महिने उभे करतात. शिधापत्रिका, विम्याची पॉलिसी, बँकेची पुस्तके, पदवी, दाखले. एक कागद मिळवायला दुसरा लागतो आणि दुसराही जळालेला असतो. कपाटात ठेवलेल्या नोटा करपल्या होत्या. अशा नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्याव्या लागतात, हेही तेव्हाच शिकलो. या साखळीची पहिली कडी मला कुठेच सापडत नव्हती. ती आपल्या शाळेत सापडली. मुख्याध्यापिका बाईंनी शिपाईकाकांना बोलावून १९६८ चे जनरल रजिस्टर काढायला सांगितले. माझे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाचा दिनांक, सारे जुन्या हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात तेथे होते. त्यावरून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळाली आणि तिच्या आधारावर पुढचे सगळे कागद उभे राहिले.

शिपाईकाकांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी माळ्यावरचे प्रवेशअर्जांचे गठ्ठे उतरवले आणि दोन दिवस शोधून माझा अर्ज काढला. त्यावर माझ्या वडिलांची सही होती. वडील जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. त्यांचे फोटो, पत्रे, गिरणीचे ओळखपत्र, सर्व जळाले होते. आईने त्या सहीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "घाईत केलीय. पाळीला जायचं असेल." कागद जपून ठेवणाऱ्या माणसाची आपण कधी वाखाणणी करत नाही. मी ती आज या व्यासपीठावरून करतो.

शेजारधर्माविषयी किती सांगू? समोरच्या सोसायटीतल्या गुजराती मासींनी आम्हा चौघांना अडीच महिने आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतले. पहिल्या पहाटे ज्या रिक्षावाल्याने आईला दवाखान्यात नेले, तो भाडे न घेता निघून गेला. थेपल्यांचे डबे, चादरी, बादल्या, एका सद्‌गृहस्थांनी न बोलता हातात ठेवलेले पाकीट. परंतु मासींची एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. पहिले आठ-दहा दिवस आई भिंतीकडे तोंड करून पडून असे. दुसऱ्याच्या घरी बसून खाणे तिला सोसत नव्हते. एके सकाळी मासी तिच्यापुढे चण्याच्या डाळीचे भांडे ठेवून म्हणाल्या, "बा, तुमची ती पुरणपोळी मला कधी जमली नाही. आज शिकवाच." आई उठली. त्या दिवसापासून मासींच्या स्वयंपाकघराचा अर्धा ओटा तिचा झाला. दिल्याने माणूस जगतो हे आपण ऐकतो. घेणाऱ्यालाही काही देता आले पाहिजे, नाहीतर घेतलेला घास गळ्याखाली उतरत नाही, हे मासींना न शिकवता कळत होते.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरची आग पुष्कळांना आठवत असेल. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चोवीस मजल्यांची ती निवासी इमारत पेटली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. रमजानचे दिवस होते. सहरीसाठी जाग्या असलेल्या मुस्लिम रहिवाशांच्या ध्यानात आग लवकर आली आणि त्यांनी शेजाऱ्यांना उठवले. सकाळ होईपर्यंत आसपासच्या मशिदी, चर्च, गुरुद्वारे यांतून अन्नपाणी येऊ लागले. कपड्यांचे ढीग इतके साचले की, ते निवडणे हेच स्वयंसेवकांचे एक मोठे काम होऊन बसले. पण मला त्यातली एक निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. बेघर झालेल्या कुटुंबांना हॉटेलांत ठेवले होते. तेथे स्वयंपाकघर नव्हते. आपल्या मुलांना आपल्या हातचे करून घालता येत नाही, हे दुःख घेऊन काही बायका जवळच्या अल-मनार मशिदीच्या स्वयंपाकघरात जमू लागल्या. त्या रांधू लागल्या, घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठीही. त्या उपक्रमाला त्यांनी 'हब' हे नाव दिले. अरबीत त्याचा अर्थ प्रेम. २०१८ मध्ये त्यांच्या पाककृतींचे 'टुगेदर' नावाचे पुस्तक निघाले. ते वृत्त वाचताना मला चण्याच्या डाळीचे भांडे आठवले.

येथपर्यंत मी जे सांगितले ते मी १५ ऑगस्टला आमच्या आवारातल्या झेंडावंदनानंतरही सांगितले होते. त्या दिवशी सोसायटीने मोठा सत्कार समारंभ केला. शेजारच्या इमारतीतल्या ज्या चार मुलांनी गच्चीचे दार फोडले, त्यांना शाल-श्रीफळ दिले. अग्निशमन दलाचे आभार मानले, दवाखान्याचे मानले. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. मी घरी बसून यादी केली होती. तिच्यात एकतीस नावे होती. शेवटी मी प्रथेप्रमाणे म्हणालो की, या सर्वांचे ऋण फिटणारे नाही, मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो. टाळ्या झाल्या.

त्या यादीत इस्त्रीवाल्या भैयांचे नाव नव्हते. ते समारंभालाही नव्हते, कारण ते आमच्या आवारातच नव्हते.

घडले होते ते असे. आगीच्या दुसऱ्याच दिवशी बोलणे सुरू झाले की, भैया रात्री निखाऱ्यांचा डबा जिन्याजवळ ठेवत असत, ठिणगी तिथूनच उडाली असणार. कोणी पाहिले होते? कोणीच नाही. पण कोळशाची इस्त्री आणि आग ही दोन नावे जवळजवळ ठेवली की, मधला पुरावा कोणी मागत नाही. माणसे घाबरलेली होती, त्यांचे नुकसान झाले होते आणि त्यांना कोणीतरी हवे होते. पाचव्या दिवशी समितीची सभा झाली. आवारात लारी लावू द्यायची नाही असा ठराव आला. मी समितीचा सदस्य होतो. मुलीचा तो गणवेश त्या वेळी मासींच्या दोरीवर वाळत होता. मला वाटले की घाई होते आहे, आधी चौकशीचा अहवाल येऊ द्यावा. परंतु सभेत मी बोललो नाही. आम्ही स्वतः शेजाऱ्यांच्या आश्रयाने राहत होतो, अशा वेळी सर्वांच्या विरुद्ध कसे जावे, असे मी मनाशी म्हटले. ठरावाखाली माझी सही आहे. वडिलांची सही ज्या महिन्यात मला सापडली, त्याच महिन्यात मी ही सही केली.

अहवाल दीड महिन्याने आला होता. आग मीटरच्या पाटीपाशी लागली होती. तारेचा सांधा सैल होता आणि तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार पडत होता. इमारत बांधली तेव्हा घरटी दोन पंखे आणि एक फ्रीज असा हिशेब होता. पुढे घरोघरी एसी आले. मंजूर भार वाढवून घ्यायचा तर अर्ज, पैसे, हेलपाटे. बहुतेकांनी तो वाढवला नाही. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरात दुसरा एसी बसला होता. मीही भार वाढवून घेतला नव्हता. म्हणजे ठिणगीचा शोध घ्यायचाच तर लिंबाखाली जाण्याचे कारण नव्हते, तो आमच्या भिंतींवर थंड हवा सोडत बसला होता. अहवाल सभेत वाचला गेला, विम्याच्या फाइलला लागला आणि ठरावाविषयी कोणी काही बोलले नाही. मीही नाही. सत्कार समारंभ त्यानंतरचा आहे.

उत्तरायणाला गच्ची पुन्हा उघडी होती. नवे दार बसवले होते, कुलूप लावले नव्हते. सत्कार झालेल्या मुलांपैकी एक जण माझ्याशेजारी फिरकी धरून उभा होता. सहज बोलण्यात म्हणाला, "काका, ती शाल घेताना मला बरे वाटले नव्हते. आम्हाला उठवले ते इस्त्रीवाल्या भैयांनी. खालच्या बांधकामावरून पहार आणली त्यांनी, कठडा आधी ओलांडला त्यांनी. आम्ही त्यांच्या मागून गेलो." मी विचारले, तेव्हाच का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "मोठी माणसे म्हणत होती की आग त्यांनीच लावली. मग कसे सांगायचे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, खालून घरांचे क्रमांक घेऊन ओरडणारा आवाज कोणाचा होता हे आम्ही कोणी स्वतःला विचारलेच नव्हते. सोळाही घरांचे क्रमांक तोंडपाठ असलेला माणूस आवारात एकच होता. प्रत्येक घरच्या कपड्यांवर तो रोज तेच क्रमांक खडूने लिहीत असे.

मी त्यांचा शोध सुरू केला. इस्त्रीवाल्यांना कोळसा लागतो, म्हणून वखारीत चौकशी केली. तिथून दुसऱ्या वखारीत. त्यांच्या गावाकडचे एक गृहस्थ भेटले. एप्रिलच्या अखेरीस शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सोसायटीबाहेर, रस्त्यावर, ते मला सापडले. मला पाहताच त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि विचारले, "साहब, बेबी की यूनिफॉर्म उस दिन टाइम पर मिली थी न?"

मी जे बोलायचे ठरवून गेलो होतो त्यातले निम्मेही बोलू शकलो नाही. अहवालाचे सांगितले, ठरावाचे सांगितले, माझ्या सहीचे सांगितले आणि क्षमा मागितली. "जाऊ द्या, विसरा" असे ते म्हणतील अशी माझी कुठेतरी अपेक्षा असावी. ते तसे म्हणाले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "लड़के का स्कूल छूट गया, साहब. जून में जगह बदली, फिर कहीं नाम नहीं लिखा। एक साल गया।" त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांनी फक्त जे झाले ते सांगितले. माझ्या मुलीचा शाळेचा पहिला दिवस चुकू नये म्हणून ज्यांनी पेटी सांभाळली, त्यांच्या मुलाचे वर्ष आमच्या ठरावाने गेले होते.

मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. परत येण्याची विनंती केली. नव्या जागी आता गिऱ्हाईक बसले आहे, पुन्हा मोडायचे नाही, असे ते म्हणाले. काय करू, असे विचारले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. नव्या सोसायटीतही ती अफवा पोहोचली होती, म्हणून आत लारी लावू देत नव्हते. "एक चिट्ठी लिख दीजिए।" आम्ही सभा बोलावली. या वेळी मी बोललो. जुना ठराव रद्द झाला. आगीशी त्यांचा संबंध नव्हता आणि त्यांच्यामुळे माणसे वाचली, हे इतिवृत्तात नोंदवले गेले आणि सोसायटीच्या कागदावर, शिक्क्यासह, त्यांच्या पूर्ण नावाने पत्र दिले. सात वर्षे ते आमच्या आवारात होते. त्यांचे पूर्ण नाव आम्ही त्या दिवशी प्रथम लिहिले. त्यांनी पत्र वाचून घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि लारीच्या पेटीत ठेवले. जूनमध्ये मुलगा शाळेत गेला. वर्ष परत आले नाही.

ग्रेनफेलच्या बाबतीतही हे घडले, हे मी पुढे वाचले. आग चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजमध्ये सुरू झाली. त्या घरात राहणाऱ्या माणसाने अग्निशमन दलाला तातडीने कळवले, मजल्यावरचे शेजारी उठवले, आणि तरीही आरंभीचे दिवस बोटे त्याच्याकडे वळली. चौकशीचा पहिला अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. त्याच्यावर कोणताही दोष नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. एवढी मोठी इमारत पेटली ती मुख्यतः भिंतींवर बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे. ते आवरण त्याने लावले नव्हते. मोठ्या आपत्तीनंतर माणसातला चांगुलपणा उसळून येतो हे खरे आहे. त्याच वेळी दोष ठेवायला सोयीचा माणूस शोधण्याची घाईही येते, आणि तो माणूस बहुधा उत्तर देऊ न शकणारा असतो. थेपले देणारे हात आणि ठरावावर सही करणारे हात वेगळे होते असे मी म्हणू शकत नाही. आमच्या सोसायटीत ते बऱ्याच अंशी तेच होते.

आपल्या संस्कृतच्या गुरुजींनी आम्हाला एकदा 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' या शब्दांची फोड करून दिली होती. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. केलेले जो नष्ट करतो तो कृतघ्न. परीक्षेत मला त्याचे गुण मिळाले होते. अर्थ कळायला पन्नाशी जवळ यावी लागली. कृतज्ञता ही आधी भावना नसते, ती आधी माहिती असते. कोणी केले, काय केले, त्यासाठी त्याला काय पडले, हे शोधून काढावे लागते. माझ्या यादीत एकतीस नावे होती, कारण मी तीच लिहिली जी मला आयती ठाऊक होती. न शोधता मानलेले आभार हे बहुधा आपल्या ओळखीच्या माणसांचेच आभार असतात.

आणि 'ऋणातच राहू इच्छितो' या वाक्याविषयी. ते मी आता उच्चारत नाही. आईवडिलांचे, गुरूंचे ऋण न फिटणारे असते हे मान्य. पण पुष्कळ ऋणे फेडता येण्याजोगी असतात. ती एका चिठ्ठीने फिटतात, एका सभेत तोंड उघडल्याने फिटतात, किंवा निदान कमी होतात. ती न फेडता ऋणात राहण्याची इच्छा व्यक्त करणे हा विनय नव्हे, ती टाळाटाळ आहे.

पालकहो, या अनुभवातून दोन-चार गोष्टी आपल्या हाती ठेवतो. गच्चीचे दार आतून किल्लीवाचून उघडेल असे ठेवा. जिन्यात आणि मीटरजवळ काही साठवू नका. घरात नवे यंत्र आणाल तेव्हा मंजूर भार तपासून घ्या. धुरात खाली वाकून चाला, लिफ्ट वापरू नका. १०१ आणि ११२ हे क्रमांक मुलांना पाठ असू द्या. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा. कोणाचे घर जळाले तर पहिल्या दिवशी सगळेच जातात. आपण विसाव्या दिवशीही जा. तेव्हा डबे थांबलेले असतात आणि कार्यालयांचे हेलपाटे सुरू झालेले असतात.

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि दारूगोळाही होता. स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान ठार झाले. त्या रात्री आमच्या आवारात आलेल्या बंबावरच्या एकाही माणसाचे नाव मला ठाऊक नव्हते. पुढे मी ठाण्यावर जाऊन ती विचारली. तेव्हापासून १४ एप्रिलला मी तेथे जातो, आणि आपल्या शाळेतली मुलेही या वर्षीपासून तेथे जावीत अशी मुख्याध्यापिका बाईंना विनंती केली आहे.

आपली शाळा साठ वर्षांची झाली. देणगीदारांच्या नावांची पाटी दारात आहे आणि ती असावीच. परंतु या साठ वर्षांत रजिस्टर कोणी लिहिले, घंटा कोणी दिली, पावसाळ्यात गठ्ठे कोरडे कोणी ठेवले, पहिल्या वर्षी वर्गणीसाठी चाळीचे जिने कोणी चढले, ही नावे शोधण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, असे मी सुचवतो. पुष्कळ माणसे आता नाहीत. जी आहेत त्यांच्यापर्यंत आपण वेळेत पोहोचू. १९६८ चा माझा प्रवेशअर्ज ज्यांनी माळ्यावरून शोधून काढला ते शिपाईकाका आज या सभागृहात, उजवीकडे शेवटच्या रांगेत बसले आहेत. माझे भाषण संपल्यावर टाळ्या वाजवायच्या असतील तर आपण सर्वांनी एकदा मागे वळावे, एवढीच विनंती करतो.